मॅक्रोतलं ‘त’ कुणाचं? लिस्पमधल्या एका जुन्या तक्रारीचा इतिहास

पीएच.डी.च्या तयारीला लागलं की पहिला प्रश्न पडतो तो ‘रिसर्च गॅप’ शोधायची कुठे हा. बहुतेकांना सांगितलं जातं की साहित्य-आढाव्याचा तक्ता करा, कुणी काय केलंय ते रकान्यांत भरा, आणि शेवटी जे रिकामं राहील ते तुमचं. ही पद्धत वाईट नाही. पण काही प्रश्न या तक्त्यात दिसतच नाहीत, कारण त्यांना कुणी ‘प्रश्न’ म्हणतच नसतं. ‘तिथे जरा जपून करा’ एवढा सल्ला देऊन सगळे पुढे निघून जातात.

आज अशाच एका प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. तो लिस्प या प्रोग्रामिंग भाषेच्या घराण्यातला आहे. ज्या सोयीमुळे तो निर्माण झाला ती सोय 1963 साली आली आणि प्रश्नाची नीट मांडणी झाली 1986 साली. मधली 23 वर्षं हुशार माणसं रोज त्याला वळसा घालत होती. तुम्हाला लिस्प येत नसेल तरी चालेल. लागेल तेवढं इथेच सांगते.

सोय काय होती?

जॉन मॅकार्थी यांनी लिस्पची मांडणी करणारा शोधनिबंध 1960 साली प्रसिद्ध केला. या भाषेचं वैशिष्ट्य असं की इथे प्रोग्राम आणि डेटा दोन्ही एकाच रूपात लिहितात: कंसातल्या याद्या. दोन आणि तीनची बेरीज करायची तर (+ 2 3) लिहायचं. ही एक यादी आहे आणि तोच प्रोग्रामही आहे. खरं तर मॅकार्थींच्या मनात प्रोग्रामरसाठी गणितासारखी दिसणारी वेगळी लेखनपद्धती होती, पण लोकांना कंसच सोयीचे वाटले आणि ती दुसरी पद्धत मागे पडली.

प्रोग्राम म्हणजे यादी असेल, तर यादीवर काम करणारा प्रोग्राम दुसरा प्रोग्राम लिहू शकतो. याच गोष्टीचा फायदा घेऊन टिमोथी हार्ट यांनी ऑक्टोबर 1963 मध्ये एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रकल्पाच्या 57 क्रमांकाच्या टिपणात लिस्पसाठी मॅक्रो सुचवले. मॅक्रो म्हणजे लघुलेखनाचा नियम. तुम्ही थोडक्यात लिहायचं आणि प्रोग्राम चालण्याआधी त्या जागी यंत्राने सविस्तर रूप भरायचं. याला मॅक्रोचा विस्तार म्हणू.

एक उदाहरण घेऊ. वाचायला सोपं जावं म्हणून नावं देवनागरीत लिहिली आहेत. आपल्याला ‘अथवा’ हवं आहे: पहिली गोष्ट खरी निघाली तर तीच उत्तर, नाहीतर दुसरी. हे साध्या फंक्शनने जमत नाही, कारण फंक्शनला हाक मारण्याआधी त्याला दिलेल्या सगळ्या गोष्टी मोजून होतात. आपल्याला मात्र पहिली खोटी निघाली तरच दुसरीकडे वळायचंय. म्हणून मॅक्रो:

(अथवा क ख)

याचा विस्तार असा ठरवू:

(लेट ((त क)) (इफ त त ख))

‘लेट’ म्हणजे या कंसापुरतं ‘त’ला ‘क’ची किंमत द्या. ‘इफ’ म्हणजे ‘त’ खरं असेल तर ‘त’, नाहीतर ‘ख’. तुम्ही विचाराल, मधे हे ‘त’ कशाला? सरळ (इफ क क ख) का नाही? कारण मग ‘क’ दोनदा चालेल. ‘क’ जर पावती छापणारं काम असेल तर दोन पावत्या निघतील. म्हणून किंमत एकदाच काढून ‘त’मध्ये ठेवायची. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं आहे.

मग बिघडतं कुठे?

आता दुसरा एक जण हा मॅक्रो वापरतो. त्याने मॅक्रोच्या आत डोकावून पाहिलेलं नाही, आणि पाहायची गरज पडू नये हाच तर लघुलेखनाचा उद्देश. तो लिहितो:

(लेट ((त 5)) (अथवा असत्य त))

पहिली गोष्ट असत्य, म्हणून उत्तर दुसरी गोष्ट, म्हणजे 5. विस्तार झाल्यावर मात्र हे असं दिसतं:

(लेट ((त 5)) (लेट ((त असत्य)) (इफ त त त)))

आतल्या ‘त’ने बाहेरच्या ‘त’ला झाकून टाकलं. उत्तर येतं: असत्य. कुठे एरर नाही, कुठे इशारा नाही. दोघांनीही आपापल्या जागी बरोबरच लिहिलंय, फक्त दोघांना एकच अक्षर सुचलं. याला नाव पकडलं जाणं म्हणतात.

याची उलट बाजूही आहे. समजा ‘नसेल-तर’ नावाचा मॅक्रो आहे आणि (नसेल-तर अट काम) याचा विस्तार होतो:

(इफ (नाही अट) काम असत्य)

इथे मॅक्रो ‘नाही’ हे नेहमीचं फंक्शन वापरतोय. वापरणाऱ्याने आपल्या कोडमध्ये ‘नाही’ हेच नाव विरोधी मतांच्या संख्येला दिलेलं असलं, समजा 7, तर मॅक्रो 7 या आकड्याला फंक्शन समजून हाक मारेल आणि प्रोग्राम कोसळेल. पहिल्या प्रकारात मॅक्रोच्या नावाने वापरणाऱ्याचं नाव पकडलं. दुसऱ्यात वापरणाऱ्याच्या नावाने मॅक्रोचं.

किराणा दुकानातली ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आठवा. तिची सगळी गंमत ‘आज’ या शब्दात आहे. पाटी रंगवली त्या दिवसाचा तो ‘आज’ नाही. गिऱ्हाईक ज्या दिवशी वाचेल त्या दिवसाचा आहे. म्हणून उधारीचा ‘उद्या’ कधीच उजाडत नाही. जुन्या मॅक्रोतली नावं या पाटीसारखी असतात. ती लिहिली जातात एका ठिकाणी आणि त्यांना अर्थ मिळतो भलत्याच ठिकाणी, जिथे विस्तार होतो तिथे. दुकानदाराला तसंच हवं असतं. मॅक्रो लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा नको असतं.

23 वर्षांचे वळसे

तुम्हाला वाटेल, एवढी ढळढळीत गोष्ट लगेच कशी कुणी धरली नाही? याचं एक कारण त्या काळच्या लिस्पमध्येच आहे. तेव्हा साध्या फंक्शनमधली मोकळी नावंसुद्धा बोलावणाऱ्याच्या परिस्थितीनुसार अर्थ बदलायची. म्हणजे सगळ्याच पाट्या ‘आज रोख’ छापाच्या होत्या. त्यात मॅक्रोचं वागणं वेगळं उठून दिसत नव्हतं.

1975 साली जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी स्कीम ही लिस्पची बोली तयार केली. त्यात नियम असा की नावाचा अर्थ ते जिथे लिहिलंय त्या जागेवरून ठरेल. फंक्शनचा प्रश्न मिटला. पण मॅक्रो फक्त मजकूर बदलतो, त्यामुळे त्याला हा नियम लागूच झाला नाही. शिवाय स्कीमचा कल भाषेचा गाभा छोटा ठेवून बाकीचं मॅक्रोंवर सोपवण्याकडे होता. स्टील यांनी एमआयटीत पदव्युत्तर प्रबंधासाठी लिहिलेला 1978 चा रॅबिट हा कंपायलर तसाच होता: नेहमीच्या कितीतरी रचना मॅक्रोंनी त्या छोट्या गाभ्यात उतरवल्या जात. थोडक्यात, फंक्शन शिस्तीत आलं, मॅक्रोचा वापर वाढला, आणि बेशिस्त तेवढी मॅक्रोकडे उरली.

मग लोक काय करत? तीन उपाय चालत.

पहिला: विचित्र नावं वापरायची. ‘त’ऐवजी ‘त-मॅक्रोचं-हात-लावू-नका’ छापाचं काहीतरी. टक्कर होण्याची शक्यता कमी होते, संपत नाही. मॅक्रो स्वतःच्याच आत वापरला गेला तर तेच विचित्र नाव पुन्हा समोर येऊ शकतं.

दुसरा: ‘जेनसिम’ नावाचं फंक्शन. ते प्रत्येक वेळी कोरं करकरीत, कुणीच वापरलेलं नसेल असं नाव बनवून देतं. पहिला प्रकार याने सुटतो. पण दर वेळी ते आठवणीने वापरावं लागतं, आणि विसरलं तरी प्रोग्राम बहुतेक वेळा नीटच चालतो, म्हणून चूक दडून राहते. दुसऱ्या प्रकाराला, म्हणजे ‘नाही’च्या गोंधळाला, याचा काहीच उपयोग नाही.

तिसरा: रचनाच अशी करायची की टक्कर होणार नाही. ‘ख’ला एका बिनपॅरामीटरच्या फंक्शनात गुंडाळून ‘त’च्या कंसाबाहेर ठेवायचं आणि गरज पडली तर बोलवायचं. 1986 च्या स्कीम अहवालात ‘ऑर’ची व्याख्या याच युक्तीने दिलेली आहे. युक्ती चोख आहे. पण भाषेची अधिकृत व्याख्या लिहितानासुद्धा असं अंग चोरून लिहावं लागत होतं, हेही त्यातून दिसतं.

या तिन्हीत समान काय, ते बघा. तिन्ही उपाय मॅक्रो लिहिणाऱ्याला शहाणपण शिकवतात. म्हणजे दोष लिहिणाऱ्याच्या बेफिकिरीचा आहे असं धरून चालतात.

1986: प्रश्नाला नाव मिळतं

त्या वर्षी लिस्प आणि फंक्शनल प्रोग्रामिंगच्या परिषदेत इंडियाना विद्यापीठातल्या चौघांचा निबंध आला: युजीन कोलबेकर, डॅनियल फ्रीडमन, मथायस फेलायझन आणि ब्रूस ड्यूबा. कोलबेकर तेव्हा पीएच.डी. करत होते आणि त्याच वर्षीचा त्यांचा प्रबंधही लिस्पमधल्या वाक्यरचना-विस्तारावरच आहे. फेलायझन यांची पीएच.डी.सुद्धा अजून व्हायची होती. म्हणजे ज्या निबंधाने हा प्रश्न उभा केला, त्याच्या लेखकांत तुमच्यासारखे विद्यार्थी होते.

त्यांनी रोख बदलला. प्रोग्रामरने काय काळजी घ्यावी, हे त्यांनी विचारलं नाही. विस्तार करणाऱ्या यंत्रणेने कोणती अट पाळली पाहिजे, हे विचारलं. त्या अटीला त्यांनी ‘हायजीन’, स्वच्छता, असं नाव दिलं. अट साध्या शब्दांत अशी: विस्ताराच्या एखाद्या पायरीत जी नावं नव्याने आली, त्यांच्या बांधणीत दुसऱ्या पायरीतली नावं अडकता कामा नयेत. तर्कशास्त्र आणि लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये अशी खबरदारी घेण्याची रीत आधीपासून होती. सूत्रात एका नावाऐवजी दुसरी राशी भरताना नावांची गल्लत होऊ नये म्हणून आधी नावं बदलून घेतात. ती रीत कागदावर पाळली जात होती. तीच आता यंत्राने आपोआप पाळायची.

पद्धतही समजायला सोपी आहे. प्रत्येक नावावर ते कोणत्या पायरीला जन्मलं याचा शिक्का मारायचा. वापरणाऱ्याने लिहिलेल्या नावांवर 0, पहिल्या विस्तारात आलेल्यांवर 1, पुढच्यावर 2. आपलं उदाहरण मग असं होतं (बाकी शब्दांवरचे शिक्के सोयीसाठी गाळले आहेत):

(लेट ((त:0 5)) (लेट ((त:1 असत्य)) (इफ त:1 त:1 त:0)))

आता गल्लत नाही. शेवटचं ‘त:0’ बाहेरच्या 5 कडे बोट दाखवतं. सगळा विस्तार झाला की बांधलेल्या नावांना वेगवेगळी नवी नावं द्यायची आणि उरलेल्यांचे शिक्के पुसायचे. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर पाटीवर तारीख घातली: हा ‘आज’ अमुक दिवसाचा.

उत्तर आलं, प्रश्न संपला नाही

इथे गोष्ट संपली असती तर ती पाठ्यपुस्तकातल्या गोष्टीसारखी झाली असती. प्रत्यक्षात त्या निबंधातल्या पद्धतीला मर्यादा होत्या. प्रत्येक पायरीला मजकूर पुन्हा पुन्हा चाळावा लागे, त्यामुळे प्रोग्रामची लांबी वाढली की वेळ तिच्या वर्गाच्या पटीत वाढायचा. ‘इफ’सारखे शब्द राखीव आहेत असं ती धरून चालायची. आणि एखाद्या फंक्शनच्या पोटात केलेल्या स्थानिक मॅक्रोला त्या फंक्शनातल्या नावांचा योग्य संदर्भ देणं तिला जमत नव्हतं.

1991 साली विल्यम क्लिंगर आणि जोनाथन रीस यांनी या तिन्ही उणिवा दूर करणारी सुधारित पद्धत मांडली. निबंधाचं शीर्षक होतं ‘मॅक्रोज दॅट वर्क’. म्हणजे ‘चालणारे मॅक्रो’. आधीच्यांबद्दल वेगळं काही बोलायची गरजच उरली नाही! त्याच वर्षीच्या स्कीम अहवालात असे मॅक्रो परिशिष्टात आले आणि 1998 च्या अहवालात मुख्य भाषेचा भाग झाले. प्रश्न मांडला गेल्यापासून प्रमाण भाषेत येईपर्यंत आणखी 12 वर्षं.

दरम्यान दुसरी अडचण वर आली. कधीकधी नाव पकडलं जाणं हवंच असतं. उदाहरणार्थ, अट तपासल्यावर मिळालेली किंमत आत ‘ते’ या नावाने आपोआप वापरता यावी असा मॅक्रो. इथे ‘ते’ मॅक्रोने आणलेलं असूनही वापरणाऱ्याला दिसायला हवं. कडक स्वच्छतेत हे बसत नाही. केंट डिबविग, रॉबर्ट हीब आणि कार्ल ब्रुगमन यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जी ‘सिंटॅक्स-केस’ पद्धत दिली, तिच्यात स्वच्छता ही नेहमीची स्थिती आहे, पण ती मोडायची असेल तर तसं उघड सांगून मोडता येते.

सगळ्यांनी हा रस्ता धरला असं मात्र नाही. 1994 साली प्रमाणित झालेल्या कॉमन लिस्पने जुनी पद्धत ठेवली: ‘जेनसिम’ वापरा आणि जपून राहा. तिथे फंक्शनची नावं आणि व्हेरिएबलची नावं वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात, शिवाय नावांना पॅकेजचं कुंपण असतं, म्हणून आपला ‘नाही’चा गोंधळ तिथे फार कमी होतो. 2007 मध्ये आलेल्या क्लोजरने मधला मार्ग काढला. मॅक्रोच्या साच्यातल्या मोकळ्या नावांना त्यांच्या घराचा पूर्ण पत्ता आपोआप जोडला जातो आणि तात्पुरत्या नावामागे एक खूण केली की कोरं नाव मिळतं. हे मार्ग मागासलेले म्हणून सोडून देऊ नका. प्रत्येकाने किंमत कुठे मोजायची ते वेगळं ठरवलंय, एवढंच.

आणि सगळ्यात मजेची गोष्ट पुढेच आहे. स्कीमचे नमुन्यावर आधारलेले मॅक्रो स्वच्छता मोडूच शकत नाहीत, असा समज होता. 2002 साली ओलेग किसेलियोव यांनी त्याच चौकटीत राहून, वरकरणी अस्वच्छ वागणारे मॅक्रो लिहून दाखवले. 2008 मध्ये डेव्हिड हर्मन आणि मिचेल वॉन्ड यांनी त्याहून खोल गोष्टीवर बोट ठेवलं. स्वच्छता सांगायची तर कोणतं नाव कुठे बांधलंय हे आधी कळायला हवं. पण ते कळतं विस्तार झाल्यावर. म्हणजे व्याख्या स्वतःभोवतीच फिरते! त्यांनी मॅक्रोच्या बांधणीची माहिती आधीच लिहून द्यायची पद्धत सुचवून हे चक्र तोडलं. 2016 मध्ये रॅकेट भाषेचे मॅथ्यू फ्लॅट यांनी नावं बदलण्याची कल्पनाच बाजूला ठेवली आणि प्रत्येक नावासोबत ते कोणकोणत्या कंसांच्या कक्षेत आहे त्याचा संच वागवायची पद्धत मांडली. प्रश्नाला नाव मिळाल्यावर 30 वर्षांनी त्याचा पायाच नव्याने घातला जात होता.

तुमच्यासाठी यात काय आहे?

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा साहित्य-आढाव्याचा तक्ता जरूर करा. त्यासोबत आणखी एक यादी करा: तुमच्या क्षेत्रात प्रत्येक जण नव्या माणसाला कोणते सल्ले देतो? ‘हे सॉफ्टवेअर वापरताना ही सेटिंग बंद ठेव’, ‘या प्रकारच्या नमुन्यावर ती चाचणी लावू नकोस’, ‘नावं जरा वेगळी ठेव’. सल्ला खरा आहे का, हे विचाराच. पण त्याची गरज का पडते, हेही विचारा. सगळ्यांनाच सारखी काळजी घ्यावी लागत असेल, तर दोष माणसांच्या बेफिकिरीत नसून साधनात असण्याची बरीच शक्यता आहे.

दुसरं, 1986 च्या निबंधाचं वजन कशामुळे, ते बघा. त्यांचा अल्गोरिदम पाच वर्षांत मागे पडला. त्यांनी मांडलेली अट मात्र टिकली, कारण नंतरच्या प्रत्येकाने आपलं काम तिच्याशीच ताडून पाहिलं. तुमच्या प्रबंधातलं उत्तर पुढे कुणीतरी सुधारेलच, त्याची भीती बाळगू नका. प्रश्न इतका नेमका मांडा की सुधारणाऱ्याला तुमचीच मांडणी हाताशी घ्यावी लागेल.

तिसरं, निबंध वाचायचा क्रम. नवीन आहे म्हणून थेट 2016 चा निबंध उघडलात तर ‘कक्षांचे संच कशाला?’ हा प्रश्न पडून अडकाल. आधी 1986, मग 1991, मग 2016 असं वाचा. प्रत्येक निबंधाची प्रस्तावना आधीच्या निबंधाची उणीव सांगते, त्यामुळे साहित्य-आढावा कसा लिहावा याचा नमुनाही फुकट मिळतो.

आणि वाचण्याआधी एकदा हाताने करून बघा. रॅकेट मोफत मिळतं. त्यासोबत येणाऱ्या ड्रॅकेट या संपादकात मॅक्रो स्टेपर आहे. तो विस्ताराची एकेक पायरी दाखवतो आणि मॅक्रोने आणलेली नावं वेगळ्या रंगात रंगवतो. वरचा ‘अथवा’ तिथे लिहा, ‘त’ला 5 द्या, आणि दोन ‘त’ दोन रंगांत दिसतात का ते बघा. मग तेच उदाहरण कॉमन लिस्पमध्ये जुन्या पद्धतीने लिहून चालवा. दोन्हींची उत्तरं शेजारी शेजारी दिसली की 1986 चा निबंध निम्मा समजलेला असेल.